साफ रक्त

मल्लम्माचं डोकं महिन्यातून तीनदा तरी उठायचं. उजवं कानशील ठणके, उजेड डोळ्यांना सोसवत नसे, पोटात पाण्याचा घोट ठरत नसे. शेजारच्या मनकर्णेला महिन्याचे चार दिवस तरी बाजूला बसायला मिळत. मल्लम्माच्या लिंगायताच्या घरात पाळीचा विटाळच नाही. बाईला हा मोठाच मान, पण त्या मानात विसावा नव्हता.

सासू चन्नबसम्मा वाईट नव्हती. तिला दिसेल तेवढंच दुखणं कळे, एवढंच. "ताप न्हाई, सूज न्हाई. मग दुखतंय कुठं?" ती विचारी. नवरा सांबप्पा तेवढा दुकान सोडून येई, खिडकीला घोंगडी लावी आणि बायकोच्या कपाळावर ओला फडका धरी. पण आईचं ऐकून ऐकून त्याचंही मन हल्ली डळमळू लागलं होतं.

शेवटी तोच तिला पेडगावहून बैलगाडीनं परभणीला डॉक्टरकडे घेऊन गेला. अर्धशिशी आहे, डॉक्टर म्हणाले. तरी अंगात कुठं सूज दडली असेल तर रक्त सांगेल. त्यांनी दंडातून रक्त काढून काचेच्या बारीक नळीत भरलं आणि नळी उभी केली. तासाभरात लाल भाग भराभर खाली बसला, तर आत काहीतरी आहे असं समजायचं.

मल्लम्मा त्या नळीपुढून हलली नाही. गळ्यातलं लिंग मुठीत धरून मनात विनवत राहिली, बस बाबा, खाली बस. लोक बरं वाटावं म्हणून देवाला साकडं घालतात. ही बिचारी आजार सापडावा म्हणून घालत होती. रक्त कसंबसं नळीवरच्या आठ रेघा उतरलं.

"खून साफ है," डॉक्टर म्हणाले. "सूज नाही. पण दुखणं खरं आहे हं. ते या नळीत दिसत नाही, इतकंच."

सांबप्पानं 'साफ' तेवढं ऐकलं आणि त्याचे डोळे भरून आले. बायको हातची जाते की काय, या धास्तीनं तो खंगला होता. गावात पोचताच त्यानं घरोघर साखर वाटली. "रक्त साफ हाय. काय बी झालेलं न्हाई हिला."

चन्नबसम्मानं चिमूटभर साखर तोंडात टाकली. "म्या काय येगळं म्हणत होते?"

"आत्याबाई, दुखणं खरं हाय म्हणालते डॉक्टर," मल्लम्मा हळूच म्हणाली.

"रक्तात न्हाई म्हणालते न्हवं?"

आठव्या दिवशी भर दुपारी डोकं उठलं. मल्लम्मा चुलीपाशीच भिंतीला टेकली. सांबप्पा जेवत होता. खिडकी त्याच्यापासून हातभर, घोंगडी खुंटीवर. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"ऊठ मल्लम्मा," तो मायेनंच म्हणाला. "रक्त साफ हाय तुजं. आता भ्यायचं काय कारण न्हाई."

इतकी वर्षं तिच्याविरुद्ध बोलायला सासू होती, गाव होतं. आता तिचं स्वतःचं रक्तही त्यांच्यात जाऊन बसलं होतं. ती भिंत धरून उठली आणि त्याला भाकरी वाढली.