तिसऱ्या थांब्यावर नाकाला रुमाल

यासुजी कारासावा एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्याच्याकडे जगापासून लपवावी अशी एकच गोष्ट होती. ती ओकुनिरे गावाच्या वरच्या अंगाला, लाल पाइनच्या रानात, पायवाटेपासून वीस पावलांवर दर ऑक्टोबरात जमिनीतून डोकं वर काढायची. सोन्याच्या भावाने विकल्या जाणाऱ्या मात्सुताके अळंबीची ती जागा त्याच्या वडिलांनी त्याला इस्पितळात सांगितली होती. सांगण्याआधी त्यांनी नर्सला, डॉक्टरला आणि यासुजीच्या आईलाही खोलीबाहेर काढलं होतं. आई नंतर दहा वर्षं जगली, पण आत काय बोलणं झालं हे तिने एकदाही विचारलं नाही. ती ओकुनिरेचीच होती.

रान सामाईक. ज्याला अळंबी सापडेल त्याची, असा गावाचा कायदा. म्हणून ज्याला जागा ठाऊक आहे त्याने ती बायकोला सांगायची नाही, मुलाला शेवटच्या घटकेपर्यंत सांगायची नाही, आणि जाताना एका वाटेने जाऊन परतताना दुसऱ्या वाटेने यायचं. यासुजीने हे तीस वर्षं चोख पाळलं होतं. त्याच्यासोबत वाढलेला हानाओका चाळीस वर्षं त्या जागेच्या मागावर होता. सुरुवातीची दहा वर्षं तो यासुजीच्या वडिलांच्या मागावर होता.

अशा या सुखी गावात ताणतणाव घालवण्याची योजना आली.

योजना आणली गावकचेरीतल्या मोमोसेने. कचेरीचा पर्यटन विभाग म्हणजे मोमोसे आणि त्याचं टेबल. शहरातली माणसं जंगलात आणायची, त्यांना सावकाश चालवायचं, श्वास घ्यायला लावायचा, की त्यांच्या डोक्यावरचा भार उतरतो, असं टोकियोच्या एका संस्थेने सिद्ध केलं होतं. ज्या रानात तो पुरेसा उतरतो त्याला संस्था प्रमाणपत्र देत असे. आता रान हजार वर्षं होतं तिथेच होतं, पण प्रमाणपत्राशिवाय ते नुसतंच रान होतं. मोमोसे सहा महिने दुरुस्त्या करत राहिला. त्याने वाटेवर लाकडाचा भुसा टाकला, पाच थांबे ठरवले आणि प्रत्येक थांब्याला एकेक इंद्रिय वाटून दिलं. पहिला डोळ्यांचा, दुसरा कानांचा. तिसरा नाकाचा.

नकाशा पाहिल्यावर यासुजीच्या हातातला चहा थंड झाला. नाकाचा थांबा बरोब्बर त्याच्या जागेच्या खाली होता. संध्याकाळचा वारा तिथे उतारावरून खाली येतो. ऑक्टोबरात त्या वाऱ्याला दालचिनी आणि पावसाने भिजलेल्या मातीचा मिळून एक वास असतो, आणि ज्याने तो एकदा घेतला आहे त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. थोडक्यात, सरकारी खर्चाने माणसं आणून, त्यांना डोळे मिटायला लावून, दीर्घ श्वास घ्या आणि ओळखा, असं विचारलं जाणार होतं.

त्याने हरकत घेतली. मोमोसेने कारण विचारलं. खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तो म्हणाला, तिथे साप आहेत. मोमोसेने सापांचा जाणकार आणवला. साप निघाला नाही. मग यासुजी म्हणाला, अस्वलं येतात. मोमोसेने अस्वलांना लांब ठेवायला माणसांनी कमरेला बांधायची पंधरा घुंगरं मागवली. शेवटी मोमोसेने हात जोडून सांगितलं की या रानाची एवढी काळजी असलेला माणूस दुसरा नाही, तेव्हा वाटाड्या म्हणून कारासावा-साननीच काम करावं. त्यांना जमत नसेल तर हानाओका-सान तयार आहेत, त्यांनी स्वतःहून विचारलंय.

यासुजीने त्याच दिवशी सही केली.

पुढचे दोन महिने त्याने वाटाड्याचं प्रशिक्षण घेतलं. आवाज मऊ कसा ठेवावा, पाहुण्यांना घाई नाही असं कसं वाटू द्यावं, हे त्याला तिशीतल्या एका बाईने शिकवलं. ती जंगलात पांढरे बूट घालून येत असे. रंगीत तालमीच्या दिवशी त्याने तिसऱ्या थांब्यावर सहज म्हणून पाल्याच्या लोणच्याचा डबा उघडला. सगळ्या उतारावर आंबट दर्प पसरला. मोमोसेने डबा बंद करायला लावला. पुढच्या तालमीला त्याने उदबत्ती पेटवली, तर मोमोसेने वणव्याचे नियम वाचून दाखवले. यासुजीचा रक्तदाब वाढला आणि गावच्या डॉक्टरने त्याला गोळी सुरू केली. तणाव घ्यायचा नाही, डॉक्टर म्हणाला, रोज थोडं रानात जात चला.

हानाओका कचेरीच्या दारातच भेटला.

"यासू, तुझ्या रानाचा दवाखाना झाला म्हणे. बाहेरचे पेशंट किती वाजता बघतोस?"

"तुला काय झालंय ते सांग, मग बघतो."

"मला काही नाही रे. नाक जरा चोंदलंय. तिसऱ्या थांब्यावर मोकळं होईल, असं ऐकतोय."

यासुजी त्या रात्री झोपला नाही, पण सकाळपर्यंत त्याला उपाय सुचला होता.

चाचणी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. टोकियोच्या एका विमा कंपनीतली बारा माणसं आली. आदल्या दिवशी त्यांना शहरात स्टेशनसमोरच्या चौकात उभं करून, जिभेखाली कागदाची पट्टी ठेवून, यंत्राने त्यांचा ताण मोजला होता. आज तोच रानात मोजायचा होता. आकडा खाली आला तर प्रमाणपत्र, नाही तर भुसा फुकट. संस्थेचे दोन तज्ज्ञ प्रत्येक थांब्यावर पट्ट्या गोळा करत होते. सरपंचांनी वाटेच्या तोंडाशी स्वागताचं भाषण केलं. ते वीस मिनिटं चाललं आणि त्यानंतरचे आकडे स्टेशनपेक्षा वर गेले. दुसऱ्या थांब्यावर, पाखरांचे आवाज ऐकायच्या जागी, पंधराही घुंगरं वाजत राहिली. मोमोसेच्या कपाळावर घाम दिसू लागला.

तिसऱ्या थांब्यावर यासुजीने मऊ आवाजात सांगितलं की आता सर्वांनी उताराकडे पाठ करून आडवं व्हावं. मग त्याने बादलीतून ओले गरम रुमाल काढले. रुमाल देवदाराच्या तेलात बुडवलेले होते. ते त्याने एकेकाच्या डोळ्यांवर, नाकावर, तोंडावर नीट दाबून बसवले. वीस मिनिटं उठायचं नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही.

कागदावर असं काही नव्हतं. मोमोसे पुढे झाला, पण तेवढ्यात पहिली घोरण्याची लय ऐकू आली. मग दुसरी. विमा कंपनीची माणसं कित्येक महिन्यांनी दिवसाउजेडी झोपत होती. तज्ज्ञांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मोमोसेला हाताने थांबवलं.

अकरा जण झोपले. बारावी बसूनच होती. ओनोदेरा नावाची, अठ्ठावन्न-साठची बाई. रुमाल तिने चेहऱ्याला लावू न देता हातात घेतला होता आणि घडी करून मांडीवर ठेवला होता.

यासुजी तिच्याजवळ वाकला. "नाकाला चालत नाही का तेल?" त्याने हळूच विचारलं.

"नाक चांगलं आहे," ती म्हणाली. "म्हणून नको."

ती उताराकडे तोंड करून बसली होती. वारा सुटला होता. तिने एक लांब श्वास घेतला, थांबली, मग दुसरा घेतला. यासुजीने स्वतःचा श्वास रोखून धरला, जणू त्याने काही फरक पडणार होता.

"यंदा सप्टेंबरात पाऊस झाला ना तुमच्याकडे?" तिने विचारलं.

हा प्रश्न शहरातलं माणूस विचारत नाही. "बेताचा," तो म्हणाला.

"बेताचाच लागतो," ती म्हणाली. "माझे वडील इवातेचे. ऑक्टोबरात उजाडायच्या आत बाहेर पडायचे आणि येताना भलत्याच बाजूने यायचे. आई म्हणायची, विचारू नकोस."

"मग तुम्हाला सांगितली का त्यांनी?"

"सांगणार होते. सोमवारी ये, सांगतो म्हणाले. रविवारी गेले."

यासुजीने तिच्या मांडीवरचा रुमाल उचलून बादलीत टाकला. वीस मिनिटं संपली. लोक डोळे चोळत उठले, तज्ज्ञांनी पट्ट्या घेतल्या. शेवटी प्रत्येकाला एक फॉर्म भरायचा होता. तिसऱ्या थांब्यावर कोणता गंध जाणवला, या प्रश्नापुढे बहुतेकांनी रुमालाचा लिहिला. ओनोदेराने लिहिलं, देवदार, फक्त देवदार. त्या थांब्याच्या आसपास देवदाराचं एकही झाड नव्हतं आणि रुमालाला तिने नाक लावलं नव्हतं. फॉर्म गोळा करताना यासुजीने ते वाचलं आणि तिला नेमापेक्षा बराच खाली वाकून नमस्कार केला.

त्या दिवशी त्याने ठरवलं की मुलाला सांगून टाकायचं. मुलगा मात्सुमोतोला असतो, फ्रिज विकतो. नववर्षाला तो आला, पण त्याची बायको सगळा वेळ शेजारी बसून होती. यासुजीने पुढच्या नववर्षावर ढकललं.

निकाल त्याआधी डिसेंबरातच आला होता. प्रमाणपत्र मिळालं. अहवालात म्हटलं होतं की बाकीचे चार थांबे साधारण आहेत, मात्र तिसऱ्या थांब्यावर ताणाचा आकडा जितका घसरला तितका देशात फार थोड्या ठिकाणी घसरला आहे. हा थांबा उपक्रमाचा गाभा मानावा, तिथे बाक बसवावेत, आणि माणसं शक्यतो ऑक्टोबरात आणावीत.

सरपंचांनी यासुजीचा सत्कार केला. त्याला शाल नको होती आणि बाक तर नकोच होते. बाक म्हणजे लोक बसणार. बसलेला माणूस कंटाळतो. कंटाळला की उठून उताराकडे जातो. म्हणून त्याने त्याच आठवड्यात कचेरीला स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला, की तिसऱ्या थांब्याच्या वरच्या उतारावरची माती नाजूक आहे, तिथे कोणाचाही पाय पडू नये, तरी दोर बांधावा.

मोमोसेच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटाड्याला मातीची एवढी काळजी, हे त्याने अहवालाच्या पुरवणीत टाकलं. वसंतात त्याने ओढ्यापासून कड्यापर्यंत दोर बांधला आणि पत्र्याची पाटी लावली. जनावरं येतात-जातात ती लोकांना दिसावीत म्हणून एका लाल पाइनला कॅमेराही बांधला. त्याचं चित्र कचेरीच्या दर्शनी भागातल्या टीव्हीवर चोवीस तास दिसू लागलं. तिथे मोफत चहा असतो, त्यामुळे हानाओका रोज तिथेच बसतो.

सप्टेंबरअखेरीला यासुजी मोमोसेकडे गेला. वाटाड्याला अधूनमधून दोराच्या आत जाऊन पाहणी करायला लागेल, असं त्याने सुचवून पाहिलं.

मोमोसेने फाइल काढली. "पण कारासावा-सान, तुम्हीच लिहिलंय. कोणाचाही पाय पडू नये. मला तर ते वाक्य इतकं आवडलं की पाटीवर तेच घातलंय."

ऑक्टोबर आला. पाऊस बेताचा झाला होता, म्हणजे उत्तम झाला होता. दर मंगळवारी आणि शनिवारी यासुजी बादली घेऊन तिसऱ्या थांब्यावर उभा राहायचा आणि वीस पावलांवरून वास यायचा. पहिल्या आठवड्यात मिटलेल्या मुठीसारख्या कोवळ्या अळंब्यांचा. दुसऱ्या आठवड्यात छत्र्या उघडल्याचा. वडिलांनी पन्नास वर्षं आणि त्याने तीस वर्षं जपलेलं धन जागच्या जागी जून होत होतं आणि पाहुणे रुमालाखालून सांगत होते की इथली हवा काही वेगळीच आहे.

तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी दुपारी कचेरीच्या टीव्हीवर एक माकड आलं. ते पाइनच्या बुंध्याशी बसलं, सुकलेल्या काटेरी पानांचा थर त्याने बाजूला सारला, वीतभर लांबीची अळंबी उपटली आणि सावकाश, काडीचीही घाई न करता खाल्ली. मग दुसरी घेतली. दाखले न्यायला आलेली नऊ माणसं, दोन कारकून आणि हानाओका हे बघत होते. कोणी चहाचा घोट घेतला नाही. मोमोसे म्हणाला, वा, काय शांत जनावर आहे, आणि त्याने ते गावाच्या संकेतस्थळावर टाकलं. मोमोसे शहरातून बदलून आला होता.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. बाबा, ती जागा आपली होती का? नववर्षाला सांगणार होतो, यासुजी म्हणाला.

शनिवारी हानाओका भुशावरून पाय घासत तिसऱ्या थांब्यावर आला. दोरापलीकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"वीस पावलं," तो म्हणाला. "मी रोज इथूनच जायचो, यासू."

"हो. बघायचो मी."

"एकदा तर इथे बसून डबा खाल्लाय मी."

"दोनदा."

हानाओका बाकावर बसला. आता गावातल्या प्रत्येकाला जागा ठाऊक होती आणि प्रत्येकाला हेही ठाऊक होतं की दोर ओलांडला तर तो उरलेल्या गावाला टीव्हीवर दिसेल. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच हानाओकाला कुठे जायची घाई नव्हती.

त्या दिवशीच्या पाहुण्यांत ओनोदेरा होती. या खेपेला ती एकटीच, स्वतःच्या पैशाने आली होती. यासुजीने बाकीच्यांना रुमाल दिले. तिला दिला नाही, हानाओकाला दिला नाही, आणि बादली खाली ठेवून तोही बाकावर बसला. वारा उतारावरून खाली आला. तिघांनी तो घेतला. कोणी काही ओळखायला सांगितलं नाही. मध्येच हानाओका म्हणाला की जून झाली आता, तरी वास आहे, आणि ओनोदेरा म्हणाली, इवातेची याहून थोडी गोड असायची, त्यावर दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच नकारार्थी मान हलवली.

परतल्यावर मोमोसेने नेहमीप्रमाणे पट्ट्या घेतल्या. नमुना म्हणून वाटाड्याचीही घ्यायची पद्धत होती. गेलं वर्षभर यासुजीचा आकडा गावात सर्वांत वरचा येत असे आणि मोमोसे तो नम्रपणे यादीतून गाळत असे. आज त्याने यंत्र दोनदा बघितलं. मग तिसऱ्यांदा पट्टी घातली.

"कारासावा-सान, योजना सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात खालचा आकडा आहे हा," तो म्हणाला. "काय केलंत तुम्ही?"

यासुजीने चष्मा लावून आकडा पाहिला. पन्नास आणि तीस मिळून किती होतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं, आणि ते सगळं वर पाइनखाली सडत होतं.

"यंत्र बिघडलंय," तो म्हणाला. "नवीन मागवा."