मडमबाईचं माहेर

शहापुरातल्या मिशन दवाखान्यात मडमबाईनं माझी दोन्ही बाळंतपणं केली. तिला सातवा लागला तेव्हा मीच तिला झापलं, "पहिलटकरणीनं माहेरी जावं. एवढंबी कळंना व्हय?"

ती हसली. "अक्काताई, माझी आई समुद्रापलीकडे. बोटीला महिना लागतो. इथे प्लेग आहे, दवाखाना कोण बघेल?"

"मग मी हाय की तुझं माहेर!" मी छाती ठोकून म्हणाले.

तिला कळा सुरू झाल्या तशी तिचे यजमान पाद्रीसाहेब स्वतः मला बोलवायला आले. सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "त्यांचा विटाळ घरात नगं." माझ्या बाळंतपणात तो विटाळ त्यांना आठवला नव्हता. पण त्यांना बोल कशाला लावू? पाय माझेच होते, मी हातमागावरून उठले नाही.

दुसऱ्या दिवशी मायलेकराला एकाच पेटीत पुरलं.

पंधरा दिवसांनी तिच्या आईचं पार्सल आलं. आत दोन झबली, एक लोकरीची शाल आणि चिठ्ठी होती. साहेबांनी मान वर न करता मला चिठ्ठी मराठीत सांगितली.

"शाल अक्काताईला दे. ती तुझ्याजवळ आहे, म्हणून मला इथे झोप लागते."