घरचीच गाडी

आमचे जावई घरी आले की सुखाने बसत नाहीत. स्टूल हलवून बघतील, गॅसची नळी चिमटीत धरतील, दाराची बिजागरी करकरली तर मलाच चार शब्द ऐकवतील. गाड्यांचं पासिंग करणारे सरकारी साहेब ते. कुठली गाडी रस्त्यावर धावायच्या लायकीची, हे ठरवणारे. माझ्या धाकट्याला ते डोळ्यांसमोर नकोत. तो शाळेची व्हॅन चालवतो. "ह्यांना पोसायचं आपण, आणि हे नुसते शिक्के मारणार!" असं तोंडावर म्हणतो. "आम्ही नसतो तर तुम्ही भंगारात पोरं भरली असती," असं ते. दर खेपेला माझा चहा गार होतो.

त्या रविवारी मात्र दोघं गळ्यात गळा. "दाजी, पाठीला उशी घ्या ना!" मला तिथेच वास आला. स्टूल डुगडुगत होतं, जावयांनी ढुंकून पाहिलं नाही.

सुनेला कोपऱ्यात घेतलं.

"उद्या व्हॅनचं पासिंग आहे," ती पुटपुटली. "त्यांच्याच हातात."

"मग हा एवढा का पाघळतोय?"

 तिची नजर खिडकीबाहेर, उतारावर उभ्या व्हॅनकडे. रंग नवाकोरा आणि मागच्या चाकाला रोजचा दगड. मी आपली समजत होते, पोरगा जपून वागतो.

"जावईबापू, व्हॅन बघितलीत?"

"घरचीच गाडी, आई. तिच्यात काय बघायचं?"

"आई, तू आत जा," धाकटा खेकसला. "पासिंग हुकलं तर शाळा उद्याच दुसरी व्हॅन लावेल!"

"लावू दे. चला जावईबापू, तेवढा दगड काढून द्या."

ते हसत आले. वाकले, दगडाला हात लावला, आणि तिथेच थांबले. चाकाकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं. हात हळूच मागे घेतला. धाकटा दारातच उभा, मान खाली.

गल्लीतली सगळी शेंबडी पोरं सकाळी ह्याच व्हॅनमध्ये कोंबलेली असतात. आयांना टाटा करत.

"हँडब्रेक धरत नाही," जावई पुटपुटले. "मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं कशाला? बघायला नेमलंय तुम्हाला," मी म्हटलं. "उद्या ही गाडी नापास करा. माझ्या लेकाच्या पोटाचं मी बघेन. नातं बघून डोळे मिटणाऱ्या साहेबापेक्षा ती खुर्ची रिकामी परवडली, जावईबापू."