माशांचं विरजण

आमच्या घरात मासा शिजत नाही. या एप्रिलपर्यंत पोहतही नव्हता. पण शेजारच्या देवरावांनी आम्हाला न विचारता आमच्या कूलरच्या टाकीत चार गप्पी मासे सोडले. "डासाच्या अळ्या खातात जी," एवढाच खुलासा. डास खरोखरच कमी झाले. जुलैत कूलर उचलून ठेवायला टाकी उपसली, तेव्हा कळलं की मासे नुसते अळ्या खात बसले नव्हते. तळाशी जिऱ्याएवढी तेवीस पिल्लं होती.

"यायले वेगळं ठेवा वहिनी. मोठे मासे खाऊन टाकतात."

"आईबापसुद्धा?"

"आईबापच आधी."

अरुंधतीने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच क्षणी तेवीसही पिल्लं पदरात घेतली. आईबापांची रवानगी देवरावांच्या अंगणातल्या हौदात झाली. देवरावांचीच एक जुनी दीडफुटी काचेची टाकी आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या जागेवर आली. टीव्ही तेव्हापासून जमिनीवर आहे. माझ्याबद्दल अजून काही ठरलेलं नाही.

प्रश्न फिल्टरचा होता. अरुंधतीची अट अशी, की खर्च पाचशेच्या आत बसला पाहिजे आणि पिल्लू एकही त्यात ओढलं जाता कामा नये.

"विकत काहून घेऊन राहिले भाऊ?" देवराव मला म्हणाले. "तीस वर्षं कोराडीच्या पावर हाऊसले बॉयलरचं पाणी साफ केलं मी. कूलरचा पंप लावू, त्याले तुमचा जुना मोजा गुंडाळू. फुकटात काम."

"आधी सब्ज्यावर करून दाखवा," अरुंधती म्हणाली.

तिने सकाळीच सब्जा भिजत घातला होता. मधोमध काळा ठिपका, भोवती पारदर्शक पोट. पिल्लाची हुबेहूब नक्कल. तिने बादलीत मोजून वीस दाणे सोडले, देवरावांनी पंप सुरू केला. मिनिटभरात बादलीत एक दाणा उरला नाही. माझ्या मोज्याने काहीच अडवलं नाही. त्याला अंगठ्यापाशी भोक होतं, हे मला ठाऊक होतं, पण कोणी विचारलं नव्हतं.

"पाणी तर साफ झालं ना," देवराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सब्ज्याचा डबा घेऊन मेट्रोने सीताबर्डीला गेलो. मासेवाल्या दुकानात शालिकराम नावाचे शांत गृहस्थ बसले होते. त्यांनी टाकीच्या मागे टांगायचा एक देखणा फिल्टर काढला. अरुंधतीने डबा उघडला.

"ताई, हे काय जी?"

"परीक्षा."

देखण्या फिल्टरने वीसपैकी एकोणीस गिळले. गिऱ्हाइकं जमली. एकाने विसावा दाणा वाचेल यावर चहाची पैज लावली आणि हरला. मग शालिकरामांनी कोपऱ्यातला काळा स्पंज काढला. एक नळी, टोकाला छोटा हवेचा पंप. हवेचे बुडबुडे वर जातात, त्यांच्या ओढीने पाणी स्पंजातून हळूहळू गाळलं जातं, बस. वीसच्या वीस दाणे टाकीत हिंडत राहिले. दोन्ही मिळून तीनशे ऐंशी रुपये.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात सुख होतं. अरुंधती सकाळ-संध्याकाळ पिल्लं मोजायची. तेवीस. मग श्रावणाची साफसफाई निघाली आणि तिची नजर स्पंजावर गेली. तो तपकिरी, बुळबुळीत झाला होता. या घरात चाळीस वर्षांत घाणीची बाजू कोणी घेतलेली नाही. मी घेऊन पाहिली होती, माझ्या टेबलापुरती. तिने स्पंज उकळत्या पाण्यात घातला, खसाखसा चोळला, दिवसभर ऊन दाखवलं आणि नव्यासारखा काळाभोर करून परत लावला.

तिसऱ्या दिवशी टाकीतलं पाणी दुधाळ झालं. पिल्लं पृष्ठभागाला येऊन तोंडं उघडत होती. संध्याकाळी दोन उलटी तरंगली. अरुंधतीने ती मोगऱ्याच्या कुंडीत पुरली आणि चहा तसाच ठेवला.

मी शालिकरामांना फोन लावून अरुंधतीच्या हातात दिला. तोवर देवरावही येऊन उभे राहिले होते.

"ताई, स्पंज धुतला काय जी?"

"उकळला."

पलीकडे शालिकरामांनी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

"त्यातली घाण म्हणजेच फिल्टर होता ताई. त्यात जंतू राहतात, ते माशांची घाण संपवतात. थोडं पाणी बदला. आन् कोणाचा जुना, न धुतलेला स्पंज असन, तर तो पिळून ते पाणी टाकीत टाका. लवकर."

अरुंधतीने फोन ठेवला. "म्हणजे मी विरजण उकळलं," ती म्हणाली. "आता न धुतलेला स्पंज आणायचा कोणाकडून?"

देवराव मान खाजवू लागले. मग कबुलीजबाब आला. बादलीतल्या पराभवानंतर त्यांनी गुपचूप तसलाच स्पंज आणून आपल्या हौदाला लावला होता.

"कधी धुतलात?"

"मी धुवीन असं वाटते काय वहिनी तुमाले?"

एखाद्याच्या आळसाकडे अरुंधतीने इतक्या आदराने पाहिलेलं मी प्रथमच पाहिलं. मला थोडं लागलं.

आम्ही तिघं हौदाशी गेलो. "दिवेलागण झाली जी," देवराव म्हणाले. "या वेळेले विरजण देत नसतात."

"देवराव!"

"मजाक केली जी." त्यांनी घरातून स्टीलची वाटी आणून तीत स्पंज पिळला. काढ्यासारखं काहीतरी निघालं. अरुंधतीने वाटीवर ताटली झाकली आणि तीर्थ आणावं तशी दोन्ही हातांनी घरी आणली.

चार दिवस ती रोज थोडं पाणी बदलत टाकीसमोर बसली. मी तिच्याशेजारी, जमिनीवर, टीव्हीजवळ. पाचव्या दिवशी पाणी निवळलं. एकवीस.

वाटी मात्र दसऱ्यापर्यंत आमच्याच ओट्यावर होती. "शेजारची वाटी रिकामी द्यायची नसते," अरुंधती म्हणायची आणि वाट पाहायची. मग एका सकाळी तिने टाकीतल्या पाण्यानेच वाटी भरली, तीत नारिंगी शेपटीचे, बोटाच्या पेराएवढे दोन मासे घेतले आणि कुंपणापाशी गेली.

"आईबाप खाणार नाहीत ना आता?"

"आता नाही जी. आता बरोबरीचे झाले."

"आणि स्पंज धुऊ नका."

देवरावांनी छातीवर हात ठेवून वचन दिलं.