तळाचे चार अंश

माशांना मूठ नसते, तरी तळ्यातले ते एकेचाळीस मासे बर्फाखाली बारा दिवस जीव मुठीत धरूनच होते. विकायचे मासे थंडीआधीच विकून झाले होते. हे उरलेले वाणाचे. यांच्या अंड्यांतून पुढच्या वर्षीची पिल्लं निघणार, आणि त्या पिल्लांवर घर चालणार. सासऱ्यांनी बावीस वर्षं निवडून निवडून हे वाण जमवलं होतं. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मादीला घरात आजीबाई म्हणत आणि तिची चौकशी पाहुण्यारावळ्यांच्या आधी होई.

सुनेकडे काम होतं मोजायचं. रोज सकाळी लाकडी धक्क्याच्या टोकाशी जायचं, पितळी नळीत बसवलेला थर्मामीटर बर्फात राखलेल्या लहानशा भोकातून दोरीने तळाशी सोडायचा, वर ओढायचा आणि आकडा वहीत लिहायचा. नवरा बर्फाने बंद पडलेल्या रस्त्यापलीकडे अडकलेला. घरात ती, दीर आणि सासरे, एवढेच.

पाण्याचा स्वभाव मोठा उफराटा. जगातल्या बाकी वस्तू गार झाल्या की जड होतात. पाणीही चार अंशांपर्यंत शहाण्यासारखं वागतं, पण त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं, आणि गोठलं की चक्क तरंगतं. या उफराटेपणावरच मासे थंडी काढतात. वर बर्फाची दुलई, खाली चार अंशांचं जड, निवांत पाणी. त्या पाण्याला कोणी ढवळू नये, एवढंच.

सोमवारी दिराने नेमकं तेच केलं. बर्फावर बर्फ साचून उजेड बंद झाला होता, पाण्यातली हवा घटत होती. सासऱ्यांनी पलंगावरून हुकूम सोडला आणि दिराने पंप आणून हवेचा दगड, म्हणजे पंपाच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड, धक्क्यावरून त्याच भोकातून थेट तळाशी, माशांच्या मधोमध सोडला. बुडबुडे वर आले, त्यांनी बर्फातलं भोक परातीएवढं केलं. दीर खूश. पाण्यातली हवा मोजणारा मीटरही खूश.

थर्मामीटर मात्र खूश नव्हता. सोमवारी सकाळी चार. मंगळवारी तीन पूर्णांक तीन. बुधवारी सकाळी अडीच. बुडबुडे तळाचं पाणी वर नेत होते आणि बर्फालगतचं गार पाणी खाली लोटत होते. दोनच्या खाली हे वाण टिकत नाही, असं सासरेच येता-जाता सांगत.

"भावजी, दगड वर घ्या," ती म्हणाली. "हातभर पाण्यात लटकवा. हवाही मिळेल आणि तळही ढवळणार नाही."

"मासे तळाशी आणि हवा वर? आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!" दीर म्हणाला. "बाबांना विचारा. मी हात लावणार नाही."

बाबांना विचारायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. बावीस वर्षांपूर्वी अशाच एका थंडीत त्यांचे एकशेऐंशी मासे एका रात्रीत गेले होते. श्वास कोंडून गेले, असं ते सांगत. तेव्हापासून दुधाने पोळलेला हा माणूस ताक फुंकून पीत होता. त्यात आता त्यांची स्वतःचीच छाती घरघरत होती.

"हवा काढायची नाही," ते म्हणाले. "श्वास अडकला की काय होतं ते माझ्या छातीला विचार."

"बाबा, हवा काढत नाहीये. दगड फक्त वर—"

"सूनबाई, तू आकडे लिही. मासे मी बघतो."

पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. इथे तर वैर सासऱ्यांशी होतं. ती संतापून शेडमध्ये गेली. फळीवर जुन्या वह्या होत्या, एकही साल न चुकलेल्या. पुरावा हवा होता. बावीस वर्षांपूर्वीची वही तिने ओढली, धूळ झटकली, आणि ते पान सापडलं.

अक्षर सासऱ्यांचं. तळ चार. मग, "शेजाऱ्याचा पंप आणला, तळाशी हवा सुरू." मग तीन पूर्णांक एक. दोन पूर्णांक दोन. एक पूर्णांक सहा. शेवटची ओळ: "सगळे गेले. श्वास कोंडून."

तिच्या काळजाचं पाणी झालं. आकडे डोळ्यांसमोर होते आणि सासऱ्यांनी ते वाचले नव्हते. मासे हवेवाचून गेलेच नव्हते. त्यांनी जी हवा जीव तोडून दिली, तिच्यासोबत खाली आलेल्या गारठ्याने मारले होते. हे पान या आजारी माणसाच्या हातात द्यायचं कसं? तिने वही शालीखाली दडवली. दाखवावी लागू नये, असं तिला मनापासून वाटत होतं.

दुपारी आकडा दोन पूर्णांक एक आला. आणि भोकात एक मासा आडवा होऊन वर आला, कल्ला कसाबसा हलवत.

दिराने आरडाओरडा केला. सासरे काठी टेकत, धापा टाकत धक्क्यावर आले. मासा पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"गुदमरतायत," ते म्हणाले. "दुसरा पंप आण. दोन्ही तळाशी सोड."

दीर पळाला. दुसरा पंप सुरू झाला असता तर अर्ध्या तासात सगळं संपलं असतं. तिने शालीखालून वही काढली आणि पान उघडून त्यांच्यापुढे धरली.

"बाबा, मला माफ करा. हे वाचा."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. बोट एकेका आकड्यावरून खाली गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. बुडबुड्यांचा आवाज तेवढा चालू होता. दीर पंप घेऊन आला आणि बापाचा चेहरा बघून जागीच थबकला.

"बाबा, जोडू ना?"

सासऱ्यांनी काठी टाकली, ते गुडघ्यांवर बसले आणि हवेच्या दगडाची दोरी स्वतः ओढू लागले. दम लागत होता. दीर पुढे झाला तर त्यांनी हात झटकला. दगड हातभर पाण्यात आल्यावर त्यांनी दोरी खांबाला बांधली, दोन गाठी मारून.

संध्याकाळी आकडा दोनवर आला आणि तिथेच थांबला. रात्री दोन. सकाळी पुन्हा दोनच. चार दिवसांनी, तळाच्या मातीच्या उबेने, दोन पूर्णांक चार. पाच मासे गेले. छत्तीस राहिले. आजीबाई गेलेल्या पाचांत होती.

ते कळल्यावर सासऱ्यांनी जुनी वही मागितली. तिला वाटलं, चुलीत घालतात की काय. त्यांनी पेन्सिल घेतली आणि "श्वास कोंडून" यावर रेघ मारली. पुढे लिहिलं, "माझ्या हातून." मग त्यांनी यंदाची वही ओढली, आजीबाईची नोंद केली आणि तिच्यापुढेही तेच दोन शब्द लिहिले.

"बाबा, यात माझाही दोष आहे," ती म्हणाली. तिला रडू आवरेना. "वही सकाळीच हातात होती. दुपारपर्यंत लपवली."

"का?"

"तुम्हाला लागेल म्हणून."

सासऱ्यांनी पेन्सिल तिच्याकडे सरकवली.

"मग तेही लिही," ते म्हणाले. "पुढच्याला उपयोगी पडेल."