तळातला वास

मी वजनाची कुपी बोलतेय. पहिल्यांदा चुकलं ते एवढंसंच: सुलाबाईंनी माझं झाकण उघडलं आणि आतून गोडसर वास आला. कोरड्या भुकटीला तसा वास नसतो.

मी काचेची, बुटकी. माझ्या अंगावर आणि झाकणावर एकच आकडा कोरलाय, सात. आमचं वजन जोडीनंच होतं, म्हणून ताटातूट चालत नाही. साताऱ्याजवळच्या या औषधी कारखान्यात मला आधी नानासोंनी वापरलं. म्हातारपणीही कोपरापर्यंत हात घालून ते ड्रमच्या तळातली भुकटी काढायचे. गेल्या वर्षी ते वारले. मग कॉलेजातून सुलाबाई आल्या. दार वाजलं तरी दचकायच्या, पण मला कागदाच्या घडीत धरायच्या, बोटांचा घाम लागू नये म्हणून.

इथं भुकटी बेंझिननं धुतात. ते विष. वाळवताना सगळं उडून जायला हवं, नाहीतर औषधातून पोटात जातं. म्हणून मला भरून तोलायचं, भट्टीत तापवायचं, पुन्हा तोलायचं. वजन घटलं, की समजायचं, भुकटी ओली होती.

काल सहा ड्रम तपासायचे होते. सुलाबाई हात आत घालणार, तोच आकाराम हसला. ड्रम भरायचं काम त्याचंच.

"आवं बाई, बांगड्या कशाला बुडवताय? वरनंच घ्या की! एकाच आईची लेकरं हायती समदी."

त्या लाजल्या. वरचं घेतलं. वजन घटलं नाही. सही झाली आणि पाच ड्रम सांगलीला, भाऊसोंच्या कारखान्यात गेले. सहाव्याच्या झाकणाचं कडं निसटलेलं, तो मागं राहिला. आज सकाळी आकारामानं तो नव्या ड्रममध्ये उपडा केला. तळ वर आला. सुलाबाईंनी सवयीनं वरचंच घेतलं, आणि वास आला. तापवून तोलेपर्यंत साडेदहा वाजले. वजन चांगलंच घटलं होतं.

"आकाराम, ही ओली कशी?"

त्याचा चेहरा उतरला. "वाळवायच्या दिशी लाइट गेलती न्हवं का. पैले ट्रे वल्लेच उतरवले. एकेका ड्रमात एकेक वतला, त्ये तळाला गेले. मला वाटलं, वाळंल आपसूक."

"सगळ्या ड्रमात?"

"व्हय, बाई."

भाऊसोंकडं त्या भुकटीच्या लहान मुलांच्या तापाच्या गोळ्या होतात. अकराला मशीन सुरू होतं. सुलाबाईंनी ट्रंक कॉल लावला आणि मला हातात घेऊन फोनजवळ उभ्या राहिल्या. आज कागदाची घडी नव्हती. घामेजला तळहात होता.

घंटी खणाणली. त्या दचकल्या. माझं झाकण फरशीवर पडलं, तुकडे झाले.

आता मला कुणी तोलणार नाही. बिनझाकणाची कुपी खिळे ठेवायला जाते. जाऊ दे. मी खोटं बोलले नव्हते हो. पोटात घातलं तेवढंच सांगितलं. माझ्यामागं दुसऱ्या कुपीत काही भराल, तर हात तळापर्यंत जाऊ द्या. बांगड्या धुता येतात.

"सांगली लागलंय, बोला," ऑपरेटर म्हणाला. पलीकडं नुसतीच घंटी. वाजतेय, वाजतेय.

"उचला की," सुलाबाई पुटपुटत होत्या. "उचला की हो."

खट्.

"हॅलो, भाऊसो बोलतोय! जरा मोठ्यानं बोला, आज मशीन लौकर लावलीया!"