पोपटांचा शर्ट

मांजरीने उडी मारली ती थेट पोपटवाल्याच्या पोटावर, आणि रोजच्या सवयीने नखं घासायला सुरुवात केली.

"अगं ए भवाने, मी सोफा नाहीये!"

मांजरीच्या मालकीण, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, हसून हसून डोळे पुसायला लागल्या. "तिचा काय दोष हो? तुम्ही त्यावर बसलात की मलासुद्धा नुसतं तोंड दिसतं!"

खरंच होतं ते. कैक वर्षांपूर्वी हा सोफा त्यानेच मढवला होता. पिवळ्या कापडावर हिरवेगार पोपट! उरलेल्या तुकड्याचा बायकोने त्याला शर्ट शिवला. पहिल्या दिवशी गल्लीभर हशा. पण मग कमालच झाली. त्याला ना दुकान, ना पाटी, तरी "ते पोपटवाले कुठे राहतात?" विचारत माणसं दारात यायला लागली. बसचा ड्रायव्हर थांबा नसतानाही गाडी थांबवायचा. एकदा तर परगावी एका बाईने भर रस्त्यात गाठलं, "आमच्या नणंदेच्या खुर्च्या तुम्हीच केल्यात ना?" तो हो म्हणायच्या आत तिचा स्वतःचा पत्ता सांगूनही झाला होता. जाडजूड कापड, मरता मरेना. कामाला निघाला की अंगात पोपट ठरलेले.

आज मात्र पंचाईत होती. मांजरीने सोफ्याच्या हाताची लक्तरं केली होती. संध्याकाळी टेम्पो येणार, बाई लेकाकडे राहायला चाललेल्या, आणि लेकाने ठणकावलेलं, "आई, फाटकं काही माझ्या घरात आणायचं नाही."

"हे होते तेव्हा आम्ही दोघं इथेच बसून पेपर तपासायचो," बाई हळूच म्हणाल्या. "पिवळं कुठलंही लावा. चालेल मला."

"नवं ठिगळ कोपऱ्यातून बोंब मारेल, बाई." त्याने खाली पाहिलं. सोफा खिडकीपाशी बसून विटलेला, शर्ट दोरीवर वाळून विटलेला. दोन्हीकडचे पोपट सारखेच म्हातारे झाले होते.

जुळणारं कापड होतं ते फक्त त्याच्या अंगावर. पण हे पोपट गेले तर आपल्याला शोधणार कोण? त्याने बायकोला फोन लावला.

"अगं, शर्ट फाडू का?"

"कुठला?"

"पोपटांचा."

"मग लोक ओळखतील कशावरून तुम्हाला?"

"तेच तर!"

"मी ओळखीन की. काढा एकदाचा. पण शिवण उसवा हं, कात्री चालवू नका भसाभसा, कापड वाया जातं!"

बाईंनी यजमानांचा बिनखिशाचा पांढरा सदरा घालायला दिला. पोपटवाल्याने शर्टाच्या खिशातला खडू काढून खुणा केल्या, सवयीने परत तिथेच ठेवला, टाके उसवले आणि चोच चोचीला जुळवत कापड ताणून ठोकलं. खिसा नेमका सोफ्याच्या हातावर आला.

"काढून टाकू?"

"खबरदार!" बाई म्हणाल्या. "चष्मा ठेवीन त्यात."

टेम्पोवाला सोफ्याभोवती दोनदा फिरला. "यात फाटकं कुठंय?" बाईंची मान अशी काही ताठ झाली, जणू वर्ग पहिला आला होता.

परतताना बस आली आणि पोपटवाल्यासमोरून भर्रकन निघून गेली. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "साहेब, कोणता पत्ता शोधताय?" तो हसला आणि पायीच निघाला. गल्लीच्या तोंडाशी शेजारची चिमुरडी तेवढी धावत आली.

"अय्या! पोपट कुठे गेले?"

"उडाले."

"परत नाही येणार?"

"छे गं. खिडकीजवळची जागा मिळालीय त्यांना."

"खोटं! जमिनीवर काढून दाखवा बघू."

"थांब, आत्ता काढतो," म्हणत त्याने खडूसाठी छातीकडे हात नेला. तिथे खिसा नव्हता. हात क्षणभर तसाच राहिला, सदऱ्याच्या पांढऱ्या कापडावर. आज ना उद्या चष्मा ठेवताना बाईंच्या बोटांना तो खडू लागणार होता.